मणी, माळ आणि मोल

फावल्या वेळात मणी ओवून माळा, कर्णभूषणे व कंकणे करणाऱ्या विद्यार्थिनींची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. आणि हा छंद पुढे व्यवसायरूपाने चालवावा, असे त्यांतील काहींच्या मनात येऊ लागले आहे. पालकांपैकी काहींना हा विचार पोरकट वाटतो. शिकूनसवरून मणी विकावयाचे काय, असा त्यांचा प्रश्न असतो. ज्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारला जातो, त्या जिल्ह्याचे नाव एके काळी अशाच खड्यांमुळे दूरदेशीच्या व्यापाऱ्यांस ठाऊक होते, हे मात्र विचारणाऱ्याच्या ध्यानी नसते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेला ‘पेरिप्लस’ नावाचा एक ग्रंथ आहे. तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची व मालाची माहिती त्यात दिली आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असून तेथून अकीकासारखे दगड गाड्या भरभरून, धड रस्ता नसलेल्या मुलुखातून, भडोच बंदरास येतात, असे त्यात म्हटले आहे. त्या काळी पैठण, म्हणजेच प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी होती.

हे दगड आपल्याकडे येतात कोठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले व निवून त्यांचा काळा पाषाण झाला. वेरूळची लेणी कोरली आहेत ती याच पाषाणात. निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्यातून आलेली सिलिका त्या पोकळ्यांत साचत गेली आणि अकीक तयार झाला. त्यात लोहाचा अंश असल्यास मंद आचेवर तापविल्याने त्याचा रंग तांबडा होतो. खंबायत येथे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. दगड उन्हात वाळवून मडक्यात तापवावयाचा, जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर धरून शिंगाच्या हातोडीने त्याचे कपचे उडवावयाचे, मग घासून आकार द्यावयाचा, हिऱ्याची कणी बसविलेल्या सामत्याने वेज पाडावयाचे आणि शेवटी जिल्हई द्यावयाची. एका मण्यामागे किती हात लागतात, पाहा! बायबलातील निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाचा कारागीर येतो. सोने, रुपे व पितळ यांच्या कामाचे आणि जडावाकरिता रत्नांस पैलू पाडण्याचे ज्ञान त्यास देवाच्या आत्म्याने दिले, असे तेथे सांगितले आहे. या कामास हलके लेखणाऱ्यांनी तो अध्याय एकवार उघडून पाहावा.

शाळकरी मुलांनी एकदम अकीकाच्या मागे लागू नये. माती बरी. चाळलेली माती भिजवून चांगली मळावी, आतील हवा निघून गेली पाहिजे. मणी वळून तो ओला असतानाच सुईने वेज पाडावे व ते लागते त्याहून किंचित मोठे ठेवावे. कारण माती वाळताना व भाजताना आक्रसते. मणी कित्येक दिवस सावलीत सुकवावे. आत ओल राहिल्यास आचेने तिची वाफ होते आणि मणी फुटतो. पहिल्या खेपेस बहुतेकांचे मणी फुटतात ते याच घाईपायी. कुंभाराच्या आव्यात झाकणाच्या मडक्यात घालून ते भाजून घेता येतात. हवा खेळती असेल तर रंग तांबडा येतो, धूर कोंडला तर काळा.

आता मोलाविषयी. आमच्या मते बहुतेक जणी फसतात त्या येथेच. समजा, एका माळेस मणी, दोरा व आकडे मिळून ७० रुपये लागले, तीन तास बसावे लागले, आणि माळ १२० रुपयांस विकली. मैत्रिणी म्हणतात, पन्नास रुपये नफा! हा नफा नव्हे. ही तीन तासांची मजुरी आहे, आणि तीही तासाला सतरा रुपयांहून कमी. त्यातच दहा मण्यांतले दोन फुटले, तर त्यांचा खर्च उरलेल्या आठांवर पडतो. वेळ नोंदण्यासाठी एक वही ठेवावी. आईबापांनीही, मुलीचेच काम म्हणून आप्तेष्टांत फुकट वाटण्याची हौस आवरावी.

मालाचे नाव खरे सांगावे. काचेच्या मण्यास अकीक म्हणू नये, मुलाम्यास सोने म्हणू नये. सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्क जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला, तो ग्राहकाची अशी फसगत टळावी म्हणूनच. स्वस्त आकड्यांत निकेल असते व त्याने काहींच्या कानांस खाज सुटून पुरळ येते. म्हणून आकडे घेताना दोन पैसे अधिक मोजावे व धातू कोणता, हे विकताना सांगावे.

भांडवलाची घाई नको. पुढे हाच व्यवसाय करावयाचा झाल्यास, सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सोनार व कुंभार हे दोन्ही आहेत. वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या कारागिरास तीत तारणाशिवाय प्रथम १ लाखापर्यंत व पुढे २ लाखांपर्यंत, पाच टक्के व्याजाने कर्ज मिळू शकते.

राहता राहिली नक्षी. बाजारातील यंत्राच्या मालाची नक्कल करून त्याच्याशी किमतीत टक्कर देणे व्यर्थ आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या गळ्यातील मोत्यांचा सर आणि मस्तकावरील मुकुट पाहावा, आणि वहीत रेखाटून घ्यावा. पैठणच्या बाळासाहेब पाटील शासकीय संग्रहालयातील जुन्या वस्तूंचे आकारही असेच उतरवून घ्यावे. शहरापासून पैठण सुमारे ५० किलोमीटर. सकाळच्या गाडीने निघाल्यास दिवे लागण्यापूर्वी परतता येते.