कुठला धक्का, कुठलं गेट

बेलापूरचं रेल्वे स्टेशन बेलापुरात नाही, ते श्रीरामपुरात आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला तेव्हा श्रीरामपूर हे शहरच नव्हतं. आसपास नाव घेण्याजोगं गाव म्हणजे प्रवरेकाठचं बेलापूर, म्हणून पाचेक किलोमीटर दूर असूनही स्टेशनला त्याचंच नाव मिळालं. पुढे स्टेशनाभोवती बाजारपेठ वाढली, शहर झालं, पाटी तीच राहिली. तिकडे नवी मुंबईत आणखी एक बेलापूर आहे. हार्बर लाइनच्या लोकलवर त्याचं नाव झळकतं आणि त्याला स्वतःची जेट्टीही आहे. त्यामुळे श्रीरामपूरच्या माणसाने जहाजाच्या सफरीचं तिकीट काढलं की पहिला घोळ गावाच्या नावापासूनच सुरू होतो.

मुंबई बंदरात हाच घोळ जरा मोठ्या प्रमाणावर आहे. ‘मुंबईहून जहाज’ एवढं कळून काही उपयोग नाही. माणसं घेऊन जाणाऱ्या बोटी निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून सुटतात आणि एका ठिकाणी चुकून पोचलात तर दुसरीकडे जायला दक्षिण मुंबईची वाहतूक आडवी असते. म्हणून आधी बोट कोणत्या जातीची आहे ते पाहायचं, धक्का त्यावरून ठरतो.

रात्री मुक्कामाची, केबिन असलेली मोठी क्रूझ असेल तर बॅलार्ड पिअर. मुंबई इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनलची नवी इमारत २०२५ साली इथेच सुरू झाली. वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याच्या हिशेबाने ती बांधली आहे. जागा मात्र जुनी. विलायतेची टपालबोट याच पिअरला लागायची आणि धक्क्यालगतच्या बॅलार्ड पिअर मोल स्टेशनातून पंजाब मेल, फ्रंटियर मेल उत्तरेकडे सुटायच्या. जहाजातून उतरलेला साहेब चार पावलांवर आगगाडीत बसे. ती सोय आता राहिली नाही. सीएसएमटीला उतरून टॅक्सी करावी लागते, पण अंतर दोन किलोमीटरच्या आतलंच आहे.

खरी मेख आहे ती नावात. मुंबईत ‘डोमेस्टिक क्रूझ टर्मिनल’ नावाचंही एक ठिकाण आहे, भाऊच्या धक्क्याला लागून. आता मुंबई-गोवा ही सफर देशांतर्गतच, तेव्हा माणूस सरळ विचार करून डोमेस्टिकला जाईल. पण कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची गोव्याला जाणारी मोठी जहाजं बॅलार्ड पिअरच्या ‘इंटरनॅशनल’ टर्मिनलवरूनच सुटतात, कारण एवढ्या लांबीच्या आणि खोलीच्या जहाजाला तसाच धक्का लागतो. विमानतळावरची सवय इथे कामाची नाही. गोंधळात भर म्हणजे २०१८ साली सुरू झालेली ‘आंग्रिया’ ही मुंबई-गोवा क्रूझ खरोखरच डोमेस्टिककडून सुटत असे. ती सेवा आता बंद आहे, पण तेव्हा जाऊन आलेले लोक अजूनही खात्रीने भाऊच्या धक्क्याचा पत्ता सांगतात. जाणकाराचा सल्ला मानावा, पण तिकिटापेक्षा जास्त नाही.

तिकिटावरच्या पत्त्यातही टर्मिनलच्या नावापेक्षा गेटचं नाव महत्त्वाचं. मुंबईच्या गोदीला लांबच लांब भिंत आहे आणि तिच्या दारांना रंगांची नावं आहेत: ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट, ऑरेंज गेट. यलो गेटच्या नावाचं तर पोलीस ठाणंही आहे. बॅलार्ड पिअरच्या पत्त्यात सहसा ग्रीन गेट असतं. टॅक्सीवाल्याला ‘क्रूझ टर्मिनल’ म्हणण्याऐवजी ‘बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट’ म्हणावं. भलत्याच गेटवर उतरलात तर आतून चालत जाण्याचा मार्ग नाही. गोदी हा सुरक्षेचा परिसर आहे. पहारेकरी परत पाठवतो आणि बॅगा ओढत भिंतीबाहेरून फेरा घालावा लागतो.

भाऊचा धक्का वेगळ्या कामाचा. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधलेल्या धक्क्यावरून हे नाव आलं. इथून रेवसच्या आणि उरणजवळच्या मोऱ्याच्या लाँचेस सुटतात. शेजारच्या डोमेस्टिक टर्मिनलवरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, निघते. २०२० पासून ती सुरू आहे आणि तासाभरात पोचवते. गाडीसकट अलिबागला जायचं असेल तर हीच. श्रीरामपूरहून स्वतःच्या गाडीने निघालेल्या कुटुंबाला ही सोय फार उपयोगाची आहे. फक्त गाडीचं तिकीट आधी काढून ठेवावं. लोकलने जाणाऱ्यांनी हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडला उतरावं.

गेटवे ऑफ इंडियाची गोष्ट सोपी. घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँचेस तिथून, तिकीट तिथेच मिळतं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, आणि पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचेस थांबतात.

राहिली ती नवी मुंबईच्या बेलापूरची जेट्टी. २०२२ च्या फेब्रुवारीत तिचं आणि वॉटर टॅक्सीचं उद्घाटन झालं. प्रवासी फारसे मिळाले नाहीत. रात्रीच्या मुक्कामाच्या क्रूझशी तिचा संबंध नाही.

आता वेळेचा हिशेब. तिकिटावर जहाज सुटण्याची वेळ संध्याकाळची दिसते आणि आपण दुपारच्या गाडीचा विचार करू लागतो. तसं करू नये. चेक-इनची वेळ वेगळी, काही तास आधीची असते. बहुतेक कंपन्या प्रवाशांना गटागटाने बोलावतात आणि जहाज सुटण्याच्या बरंच आधी दार बंद करतात. दारातच मोठ्या बॅगांना केबिन नंबरची चिठ्ठी लावून त्या घेऊन टाकतात. त्या संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात. म्हणून औषधं, चष्मा, कागदपत्रं आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत. मग तपासणी, मग ओळखपत्र. गोव्यापर्यंतच्या सफरीला आधार कार्ड चालतं. जहाज परदेशी बंदराला लागणार असेल तर पासपोर्ट लागतो आणि इमिग्रेशनची रांगही. आपल्याकडून जाणारी गाडी मनमाडमार्गे असो की दौंडमार्गे, घाटात तासभर इकडेतिकडे होणार हे धरूनच चालावं. माझ्या मते आदल्या रात्री मुंबई गाठणं हाच शहाणपणा. आगगाडी चुकली तर दुसरी मिळते, जहाज पुन्हा धक्क्याला यायला दोन-चार दिवस लागतात.

तिकिटावरचं टर्मिनल नीट पाहायची रीत परदेशातही लागू पडते. आपल्याकडचे बरेच लोक क्रूझसाठी सिंगापूरला जातात आणि तिथेही दोन टर्मिनल आहेत: २०१२ साली उघडलेलं मरीना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटचं जुनं सिंगापूर क्रूझ सेंटर. दोन्हींची मेट्रो स्टेशनं वेगळी. मरीना बेच्या टर्मिनलसाठी ‘मरीना बे’ नव्हे, ‘मरीना साउथ पिअर’ला उतरायचं असतं. टूर कंपनीची बस असेल तर प्रश्न नाही. स्वतः जाणाऱ्यांनी तिकिटावरचं टर्मिनलचं नाव वहीत इंग्रजीत जसंच्या तसं उतरवून घ्यावं आणि टॅक्सीवाल्याला बोलून सांगण्याऐवजी ते पान दाखवावं.