आभाळ निरभ्र, बोट रद्द

समुद्र कधी बंद होतो हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पाऊस लागला की गेटवे ते मांडवा जाणाऱ्या लाँच थांबतात आणि मच्छीमार नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. हाच हिशेब मनात धरून मराठी पर्यटक जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीसला पोचतो. तिथे तर कडक उन्हाळा, आभाळ निळंशार, पावसाचा थेंब नाही. मग नाक्सोसहून सांतोरिनीची बोट वेळेवर सुटणार, यात शंका कसली?

शंका घ्यायला हवी, आणि ती नेमकी याच महिन्यांत. एजियन समुद्रात बोट अडते ती वाऱ्यापायी. उन्हाळ्यात बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त असतो, तर तापलेल्या तुर्कस्तानाच्या बाजूला तो कमी होतो. या फरकामुळे उत्तरेचा कोरडा वारा एजियनवरून खाली धावत येतो. ग्रीक लोक त्याला मेल्तेमी म्हणतात. ढग नसतात, पलीकडचं बेट स्वच्छ दिसत असतं, आणि तरी वारा कधी कधी दिवसचे दिवस पडत नाही. दोन बेटांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात शिरला की त्याचा जोर आणखी वाढतो. बंदरावरची माणसं हा जोर बोफोर्ट श्रेणीत सांगतात. सहा म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर, आठ म्हणजे ६२ ते ७४. मुक्कामाच्या ठिकाणी पर्यटक मोबाइलवर ऊन-पावसाचं चित्र पाहत असतो, तेव्हा घरमालकीण वाऱ्याचा आकडा पाहत असते.

बोट रद्द झाली की कंपनीने मनमानी केली, असंही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात वाऱ्याचा अंदाज ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ग्रीक तटरक्षक दलच बोटी बंदरात रोखून धरतं. ही मर्यादा सगळ्या बोटींना सारखी नाही. हलक्या, वेगवान कॅटामरान आधी थांबतात आणि मोठ्या फेरीबोटी नंतर. म्हणून एकाच सकाळी, एकाच धक्क्यावर, एक बोट रद्द आणि दुसरी वेळेवर, असं घडू शकतं.

समुद्राने तिथल्या लोकांकडून काय काय नेलं आहे, हे माहीत असलं की ही सावधगिरी जाचक वाटत नाही. ८ डिसेंबर १९६६च्या पहाटे क्रीटहून अथेन्सच्या पिरेयस बंदराकडे निघालेली ‘इराक्लिओन’ ही फेरीबोट वादळात बुडाली. आतला एक ट्रक सुटून दरवाजावर आदळला, पाणी आत शिरलं आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. २६ सप्टेंबर २०००च्या रात्री ‘एक्सप्रेस सामिना’ पारोसजवळच्या पोर्तेस खडकांवर आपटली. ऐंशीच्या आसपास माणसं दगावली. वारा जोराचा होताच, पण खरा घात खलाशांच्या दुर्लक्षाने केला. त्यानंतर ग्रीसमध्ये बोटींच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले.

वेगवान बोट म्हणजे अधिक सुखाचा प्रवास, हाही असाच एक समज. वेळ वाचतो हे खरं. पिरेयस ते सांतोरिनी मोठ्या बोटीला साधारण आठ तास लागतात, वेगवान बोटीला पाचेक. पण वेगवान बोटीचं तिकीट बरंच महाग असतं, बहुतेक बोटींत बंद काचांआडच बसावं लागतं, आणि लाटा उंच असल्या की ज्यांना बोट लागते त्यांचे हाल होतात. मोठ्या बोटीच्या उघड्या डेकवर वारा खात, मधल्या बंदरांची लगबग पाहत गेलेले आठ तास कितीतरी बरे.

नकाशा तर हमखास फसवतो. बेटं शेजारी दिसली म्हणजे त्यांच्यात बोट असेलच असं नाही. बहुतेक मार्ग पिरेयसहून निघतात आणि माळेतल्या मण्यांसारखी बेटं घेत जातात. पारोस, नाक्सोस, सांतोरिनी ही एक माळ; सेरिफोस, सिफनोस, मिलोस ही दुसरी. एका माळेतून दुसरीत जायला थेट बोटी मोजक्याच, आणि हिवाळ्यात त्याहून कमी. कोर्फू तर पार पश्चिमेला, आयोनियन समुद्रात. सांतोरिनीहून तिथे थेट बोट नाही. आधी मुख्य भूमीवर येऊन ती ओलांडावी लागते. शिवाय बेटाचं नाव कळलं म्हणजे बंदर कळलं, असंही नाही. इकारियाला आयिओस किरिकोस आणि एव्दिलोस अशी दोन बंदरं आहेत आणि मध्ये डोंगर. मिकोनोसला मोठ्या बोटी तुर्लोसच्या नव्या बंदरात लागतात, तर देलोसची छोटी बोट जुन्या बंदरातून सुटते.

बोट लागली की सावकाश चढू, हा विचारही सोडलेला बरा. मोठी बोट बंदरात वळते, नांगर टाकते आणि पिछाडीने धक्क्याकडे सरकते. रॅम्प आधीच खाली येत असतो. ट्रक, मोटारसायकली, बॅगा ओढणारी माणसं एकदमच बाहेर पडतात आणि दुसरी तितकीच आत घुसतात. बॅगा गाड्यांच्या मजल्यावरच, बेटाच्या नावाची पाटी असलेल्या फळीवर ठेवायच्या. मधल्या बंदरात हे सगळं काही मिनिटांत उरकतं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी ‘एम२एम-१’ ही रो-रो बोटही ग्रीसमध्येच बांधलेली. त्यामुळे मुंबईकराला रॅम्प ओळखीचा वाटेल, ही घाई मात्र नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पिरेयसला, बोट सुटताना रॅम्पवर चढू पाहणाऱ्या एका उतारूला खलाशाने ढकललं आणि तो पाण्यात पडून मेला. देश हादरला आणि जहाजवाहतूक मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्या खलाशाच्या कृत्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण शेवटच्या क्षणी रॅम्पकडे धावू नये, हे मात्र खरं.

आणि या बोटी पर्यटकांसाठी आहेत, हा समज तर मुळातूनच चुकीचा. ‘एक्सप्रेस स्कोपेलितिस’ ही छोटी बोट नाक्सोसहून इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसी या चिमुकल्या बेटांना शिवत अमोर्गोसला जाते. औषधं, किराणा, शाळेतले शिक्षक, सगळं बोटीनेच पोचतं. अशा न परवडणाऱ्या मार्गांसाठी सरकार पैसे देतं, म्हणून हिवाळ्यातही तिथे माणसं राहू शकतात. बोट रद्द झाली की पर्यटकाचं एक हॉटेल बुडतं. तिथल्या आजीची दवाखान्याची तारीख बुडते.

हॉटेलचा खर्च कंपनी देईल, या भरवशावरही राहू नये. युरोपीय संघाच्या २०१०च्या नियमानुसार बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात किंवा दुसऱ्या बोटीत जागा मिळते. कारण धोकादायक हवामान असेल, तर मुक्कामाचा खर्च किंवा नुकसानभरपाई देणं कंपनीवर बंधनकारक नाही. म्हणून मुंबईच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम अथेन्समध्येच ठेवावा, आणि ऑगस्ट असेल तर त्याच्याही आधीचा एक दिवस हाताशी मोकळा असावा.