कोयत्याच्या धंद्यात सुधारणेला वाव

दसरा-दिवाळी आली की वडवणी तालुक्यातील कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. ज्या अवजारावरून माणसे मोजली जातात, त्याच्या घडणीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. म्हणून आज आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. पण मजुरी टनावरच राहिली. एका उसाचे वजन एक किलो धरले तर टनात हजार ऊस येतात. प्रत्येकाला बुडाशी एक व शेंड्याशी एक असे किमान दोन घाव लागतात. म्हणजे दोन टन तोडणाऱ्या जोडीचे दिवसाला चार हजार घाव झाले! बोथट कोयत्याने हेच घाव दुप्पट होतात आणि मनगट व खांदा कामातून जातो.

पोलाद आणि पाणी

उसाच्या बुडाकडील भागात साखर जास्त असते, म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. साहजिकच धार माती-खड्यांवर आदळते. साधे लोखंड लगेच वाकते. मोटारीच्या जुन्या पाट्याचे पोलाद यासाठी चांगले. पाते तापवताना लोहचुंबक चिकटेनासे झाले की आणखी थोडे तापवावे आणि फक्त धारेची बाजू तेलात विझवावी. पाण्यात विझवल्यास या पोलादाला तडा जाण्याची भीती असते. नंतर पाते घासून पुन्हा मंद तापवावे. धारेवर तपकिरी-जांभळा रंग आला की थांबावे. अशी धार कडक राहते, पाठ लवचीक राहते आणि तुकडा उडत नाही.

मूठ

गोल मूठ घामेजल्या हातात फिरते आणि घाव तिरपा पडतो. मूठ अंडाकृती असावी व शेवटी थोडी फुगीर असावी, म्हणजे कोयता निसटत नाही. पात्याचा मागचा भाग मुठीच्या टोकापर्यंत नेऊन दोन रिवेट मारावेत. निसटलेले पाते शेजारच्या मजुराचा जीव घेऊ शकते. बाईमाणसाचा हात लहान असतो. तिच्यासाठी बारीक मुठीचा, हलका कोयता वेगळा बनवावा. आज बहुतेक ठिकाणी दोघांच्या हाती एकाच मापाचा कोयता असतो.

धार

विजेच्या ग्राइंडरवर पाते निळे पडले की त्याचे पाणी उतरले असे समजावे. पाते वरचेवर पाण्यात बुडवत धार लावावी. फडात रोज कानस फिरवणे पुरेसे आहे.

हे ज्ञान आपल्याला परके नाही. शिकलगार हे नावच अरबी 'सैकल', म्हणजे जिल्हई, या शब्दावरून आले आहे. पिढ्यान् पिढ्या तलवारींना पाणी व धार देणाऱ्या या घराण्यांतील आणि लोहारांतील तरुणांनी हंगामाच्या दोन महिने आधी दोन-तीन मापांचे कोयते तयार ठेवावेत. त्यावर आपला शिक्का मारावा आणि पाते तुटल्यास बदलून द्यावे. हार्वेस्टर आले तरी लहान व ओल्या फडांत कोयताच चालतो. ज्याचा कोयता हंगामभर टिकेल, त्याच्याच दुकानी मजूर पुढच्या साली येईल. व्यापारात याहून मोठी जाहिरात नाही.