मार्गदर्शिकेतून उभी राहिलेली शाळा

वर्गात शिक्षकाने गाइडला नाक मुरडावे आणि परीक्षा जवळ येताच विद्यार्थ्याने तेच गाइड उशाशी घ्यावे, हा शिरस्ता जुना आहे. मार्गदर्शिका ही शाळेची सखी की सवत, हा प्रश्नही तितकाच जुना. दक्षिण कोरियातील होंग सुंग-दे यांची कहाणी या प्रश्नाचा एक निराळाच पैलू पुढे आणते.

१९३७ साली जन्मलेल्या होंग यांनी सोल राष्ट्रीय विद्यापीठात गणिताचे अध्ययन केले आणि शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी शिकवण्या धरल्या. त्या अनुभवातून १९६६ साली त्यांची गणिताची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तिच्या नावातील 'जोंगसोक' हा शब्द बादुक या पटावरील खेळातला. त्याचा अर्थ जाणत्यांनी मान्य केलेली चाल. प्रथम संकल्पनेचे विवरण, मग नमुन्याचे उदाहरण, ते सोडविण्यामागील विचार आणि अखेर त्याच धर्तीची उदाहरणे विद्यार्थ्याने स्वतः सोडवावयाची, अशी तिची मांडणी. केवळ तयार उत्तरे पुरविणारे हे पुस्तक नव्हते. सुमारे पाच कोटी लोकवस्तीच्या त्या देशात पहिल्या पन्नास वर्षांत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या.

१९८० साली तेथील लष्करी राजवटीने खाजगी शिकवण्यांवर बंदी घातली. घटना न्यायालयाने ती २००० साली घटनाबाह्य ठरविली. हुकमाने शिकवण्या बंद करता येतात, शिकवणीची गरज नव्हे, हाच याचा बोध.

पुस्तकातून आलेली संपत्ती होंग यांनी शिक्षणाकडेच वळविली. १९८१ साली जोंजू शहरात त्यांची सांगसान माध्यमिक शाळा सुरू झाली. पुढे तिला स्वायत्त खाजगी शाळेचा दर्जा मिळाला आणि निवडक विद्यार्थ्यांची नामांकित शाळा म्हणून तिचा लौकिक झाला. परंतु अशा शाळांचे शुल्क अधिक, प्रवेश मोजका. त्यांच्यामुळे विषमता वाढते, हा आक्षेपही बळावत गेला. २०१९ साली प्रांतिक शिक्षण खात्याने केलेल्या मूल्यमापनात शाळेला ८० गुण आवश्यक होते, मिळाले ७९.६१. परीक्षार्थींच्या जोरावर उभी राहिलेली शाळा स्वतःच ०.३९ गुणाने अनुत्तीर्ण ठरली! तिचा दर्जा काढून घेण्याचा खात्याचा निर्णय शिक्षण मंत्रालयाने मात्र मान्य केला नाही.

होंग यांची दानत निःसंशय आदरणीय आहे. तथापि ज्या लक्षावधी मुलांनी पुस्तक विकत घेऊन ही शाळा उभी केली, त्यांपैकी फारच थोड्यांना तिचे दार उघडे झाले. सामान्य वर्गात जे समजावयास हवे होते, त्यासाठीच त्यांनी ते पुस्तक घेतले होते. ती उणीव भरून काढण्याचे काम एका पुस्तकाचे नव्हे, एका दात्याचेही नव्हे. ते त्या सामान्य वर्गाचेच आहे.