सालाने चकवणारा डॉलर

नाणेसंग्राहकांच्या परिभाषेत ‘प्रूफ’ ही संज्ञा नाण्याची आजची अवस्था नव्हे, तर ते पाडण्याची पद्धत सांगते. घासून चकचकीत केलेली चकती तितक्याच चकाकत्या साच्यांत ठेवून सहसा एकाहून अधिक वेळा दाबली, की सपाट भाग आरशासारखा आणि उठाव रेखीव होतो. फिलाडेल्फियाची टांकसाळ १७९२ साली स्थापन झाली, तरी अशी नाणी जनतेला रीतसर विकण्यास तिने १८५८च्या सुमारास आरंभ केला. तोवर ती मोजक्या संख्येने पाडली जात आणि त्यांची पद्धतशीर नोंद राहत नसे. म्हणून या काळातील प्रूफ नाण्यांची पारख करताना नाण्यालाच साक्षीला बोलवावे लागते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे १८०४चा चांदीचा डॉलर. त्या वर्षी १९,५७० डॉलर पाडल्याची नोंद असली, तरी ते आधीच्या सालांच्या साच्यांतून निघाले होते. पुढे १८३४ साली आशियातील राजांना भेट देण्यासाठी नाण्यांचे संच करण्याचा आदेश आला, तेव्हा जुन्या नोंदीवर विसंबून नव्या साच्यांवर १८०४ हे साल कोरण्यात आले. राजदूत एडमंड रॉबर्ट्स यांनी हे संच मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांना पोचवले. 

हे डॉलर उशिराचे आहेत, हे त्यांची कडाच सांगते. कडेवरील अक्षरे आधी उमटवून मग नाणे बंद कड्यात, म्हणजे चकतीला चहूकडून आवळणाऱ्या पोलादी वळ्यात, दाबल्यामुळे ती चेपली गेली आहेत, आणि १८०४ साली डॉलरसाठी असे कडे वापरातच नव्हते. एरिक न्यूमन आणि केनेथ ब्रेसेट यांनी १९६२ साली या डॉलरचा इतिहास ग्रंथरूपाने उलगडला, आणि त्याच वर्षी प्रकाशात आलेल्या सयामच्या संचाने त्यांच्या निष्कर्षाला दुजोरा दिला.

या सालाच्या आज ज्ञात असलेल्या डॉलरांपैकी ८ मूळ भेटीच्या काळातले आहेत, तर उरलेले टांकसाळीतील कर्मचाऱ्यांनी १८५८च्या सुमारास व त्यानंतर गुपचूप पाडलेले मानले जातात. मस्कतच्या सुलतानाचा समजला जाणारा डॉलर १९९९ साली ४१,४०,००० डॉलरना विकला गेला. त्यावरील साल खरे नाही हे तेव्हा सर्वज्ञात होते, परंतु ते का आणि कोणासाठी कोरले गेले याचा पुरावा उपलब्ध असल्यामुळेच संग्राहकांनी त्याला एवढे मोल दिले.