कलामहर्षी आणि त्यांचा हरवलेला चित्रपट

जालन्याला पदवीच्या वर्गात एकदा ग्रामीण कथेवर बोलत होतो. ओघात सावकारीचा विषय निघाला आणि १९२५ साली कोल्हापुरात निघालेल्या ‘सावकारी पाश’ या मूकपटाची हकीकत मी सांगितली. खोट्या कागदांच्या जोरावर सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो, आणि काल आपल्या रानाचा धनी असलेला माणूस शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो, एवढीच ती कथा. तास संपल्यावर भोकरदनकडचा एक विद्यार्थी मागे रेंगाळला. म्हणाला, “सर, हे तर आमच्या आजोबांचंच झालं. हा पिक्चर कुठं बघायला मिळंल?” मी गप्प झालो. कारण तो मूळ मूकपट आज कोठेच पाहावयास मिळत नाही.

ज्याने तो काढला, तो माणूस मात्र विसरण्यासारखा नाही. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात कारागिराच्या घरी झाला. शाळेशी त्यांचे फारसे जमले नाही. चित्रकला आणि मूर्तिकला त्यांनी हाताने आणि डोळ्याने मिळविली. बंधू आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले, आणि ‘पेंटर’ हे कामाचे नावच दोघांचे आडनाव होऊन बसले.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, आणि या दोघा भावांना चलच्चित्रांनी झपाटले. पण विलायती कॅमेरा घेण्यास पैसा कोठला? मग तो आपणच करावयाचा, असे ठरले. हे स्वप्न अर्ध्यावर असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. दुसरा कोणी असता तर त्याने पुन्हा कुंचला हाती घेतला असता. बाबूरावांनी शिष्य दामले यांना हाताशी धरले आणि एकेक भाग घडवीत, मोडीत, पुन्हा जुळवीत कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवलास हात दिला आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात झळकला. फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी पुरुष उभा करावा लागला होता. बाबूरावांच्या चित्रात स्त्रियाच स्त्रियांच्या भूमिकेत आल्या. त्या काळी हे धाडसच होते. कीचकवधाचा प्रसंग तर इतका खरा वाटला, की तो कापावा लागला!

बाबूरावांचा खरा नवेपणा त्यांच्या चित्रकाराच्या नजरेत होता. प्रसंग पडद्यावर येण्यापूर्वी तो कागदावर उतरे. पात्रांचा पोशाख, त्यांची उभे राहण्याची ढब, सारे आधी रेखाटलेले असे. रंगविलेल्या सपाट पडद्यांऐवजी त्यांनी खोली असलेले नेपथ्य उभारले. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशाचा वापर करून रात्र रात्रीसारखी दाखविली. चित्रपटाची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत; सचित्र माहितीपुस्तिकाही काढीत.

आणि मग आला ‘सावकारी पाश’. कथा नारायण हरी आपटे यांची. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत. अंधारलेली झोपडी आणि तिच्यापुढे विव्हळणारे कुत्रे, हे दृश्य पाहिलेल्यांच्या मनातून पुढे कधी गेले नाही. मूकपट असूनही तो आवाज जणू ऐकू येई. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. पण पाश सुटला नव्हता. अमेरिकेत डेव्हिड ग्रिफिथने १९०९ साली गव्हाच्या साठेबाजीवर असेच एक छोटे चित्र काढले होते. आपल्याकडे ‘दो बिघा जमीन’ आला तो १९५३ साली, म्हणजे बाबूरावांनंतर अठ्ठावीस वर्षांनी.

प्रेक्षकांना मात्र पुराणे आणि इतिहास यांची गोडी लागलेली. आपलेच दुःख दाम मोजून कोण पाहणार? चित्रपट फारसा चालला नाही. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी बाहेर पडून कुलकर्णी यांच्या साथीने ‘प्रभात’ काढली. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला आणि मूकपटांचे दिवस भरले. योगायोग असा, की ग्रिफिथचा अखेरचा चित्रपटही त्याच वर्षीचा. बाबूराव मात्र थांबले नाहीत. ‘उषा’ (१९३५) काढला, १९३६ साली ‘सावकारी पाश’ बोलपट म्हणून पुन्हा सांगितला, आणि पुढे ‘विश्वामित्र’पर्यंत (१९५२) काम केले. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले. तोवर त्यांचे शिष्य भारतभर गाजले होते. गुरूच्या पदरी याहून मोठी दक्षिणा ती कोणती?

पण त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे काय? जुने चित्रपट जपणारे राष्ट्रीय संग्रहालय पुण्यात १९६४ साली निघाले. तोवर कित्येक मूकपटांच्या फिती नाहीशा झाल्या होत्या. आज महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा कायदा आहे, तो २०१४ पासून. तरीही दुष्काळाच्या साली आमच्या भागात कोणाच्या दारी जावे लागते, हे खेड्यातल्या पोराला सांगावे लागत नाही. त्याला हवा होता तो आरसा. ‘आपल्यावर गुदरले ते कोणीतरी पाहिले होते’ एवढा दिलासा.

वाचकहो, दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरची जुनी पेटी उघडाल, तर तळाचे कागद रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळा. एखादी चित्रपट-पुस्तिका, एखादे फाटके भित्तिपत्रक निघाले तर ते जपा. हरवलेला चित्रपट त्याने परत येणार नाही. पण वर्गात पुन्हा कोणी विचारले, तर त्याच्या हातावर ठेवायला काहीतरी असेल.