नव्या डिजिटल कॅमेऱ्यांविषयी छायाचित्रकारांच्या प्रतिक्रिया

नवा डिजिटल कॅमेरा किंवा नवे भिंग जाहीर होताच छायाचित्रकारांकडून येणाऱ्या प्रतिक्रियांनी या उपकरणांच्या घडणीवर वेळोवेळी परिणाम केला आहे. या प्रतिक्रिया बहुधा प्रत्यक्ष वापराआधीच, केवळ तांत्रिक तपशील वाचून दिलेल्या असतात. त्यामुळे त्यांत उतावळेपणा असतो आणि काही आक्षेप पुढे निराधारही ठरतात. मात्र ज्या आक्षेपांमागे विशिष्ट कामाची गरज होती, त्यांची दखल उत्पादकांना घ्यावी लागली. परभणी जिल्ह्यासारख्या भागात छायाचित्रणाचा व्यवसाय मुख्यतः लग्नसमारंभांवर चालतो आणि लग्नसराईचा मोठा हिस्सा कडक उन्हाळ्यात येतो. तेथील कामाच्या संदर्भात या वादांतील काही मुद्दे अधिक स्पष्ट होतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात छायाचित्रणाची परंपरा जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी होते. परभणी जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राजा दीनदयाळ हे या संस्थानचे दरबारी छायाचित्रकार होते. विलायतेहून येणाऱ्या नव्या यंत्राची वाट पाहणे हा या व्यवसायाचा स्वभाव तेव्हापासूनचाच म्हणावा लागेल. लुमिएर बंधूंच्या चित्रफितींचा खेळ १८९६ मध्ये मुंबईत पाहिल्यावर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी थेट इंग्लंडहून चलच्चित्र कॅमेरा मागवला.

निकॉन डी१ हा २.७ मेगापिक्सेलचा डिजिटल एसएलआर कॅमेरा १९९९ मध्ये जाहीर झाला आणि वृत्तछायाचित्रकारांनी तो लवकर स्वीकारला. कॅनन ईओएस ३००डी या कॅमेऱ्याची किंमत २००३ मध्ये एक हजार अमेरिकी डॉलरच्या खाली ठेवण्यात आली आणि डिजिटल एसएलआर सामान्य व्यावसायिकाच्या आवाक्यात येऊ लागला. रोल धुण्याचा खर्च आणि त्यासाठीचे हेलपाटे संपले. त्याचबरोबर दर काही वर्षांनी कॅमेरा जुना ठरण्याचा नवा प्रश्न उभा राहिला. रोलच्या काळात एकच कॅमेरा दोन-दोन दशके चालत असे, कारण चित्राची प्रत रोलवर आणि भिंगावर अवलंबून होती. डिजिटल कॅमेऱ्यात संवेदक कॅमेऱ्यातच असल्याने नव्या कॅमेऱ्याची घोषणा ही एका अर्थी नव्या रोलचीही घोषणा असते.

एकाच कार्डाचा वाद

निकॉनने २३ ऑगस्ट २०१८ रोजी झेड ६ आणि झेड ७ हे आपले पहिले पूर्ण-फ्रेम मिररलेस कॅमेरे जाहीर केले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ५ सप्टेंबर रोजी, कॅननने ईओएस आर हा कॅमेरा जाहीर केला. तिन्ही कॅमेऱ्यांत मेमरी कार्डासाठी एकच खाच होती. निकॉनमध्ये एक्सक्यूडी कार्ड बसत असे आणि कॅननमध्ये एसडी. त्याच वर्षी फेब्रुवारीत जाहीर झालेल्या सोनी ए७ ३ या कॅमेऱ्यात मात्र दोन खाचा होत्या. झेड ७ चा ४५.७ मेगापिक्सेलचा संवेदक, रुंद माउंट, बॉडीतील स्थिरीकरण यांविषयी बरेच चांगले बोलले गेले, तरी चर्चेचा रोख राहिला तो एका खाचेवर.

हा आक्षेप सर्वांत तीव्रपणे घेतला तो लग्नाच्या छायाचित्रकारांनी. दोन खाचा असलेला कॅमेरा प्रत्येक चित्र एकाच वेळी दोन्ही कार्डांवर लिहू शकतो, त्यामुळे एक कार्ड बिघडले तरी दुसऱ्यावर चित्रे शिल्लक राहतात. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो आणि अक्षता पडतात, तो क्षण काही सेकंदांचा असतो आणि पुन्हा घेता येत नाही. निसर्गदृश्य टिपणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येते, स्टुडिओत बसलेल्या ग्राहकाला पुन्हा बोलावता येते. लग्न पुन्हा लावता येत नाही.

याला विरोधी मतही होते. कॅनन ५डी आणि ५डी मार्क २ या कॅमेऱ्यांत एकच खाच असूनही जगभर त्यांवर असंख्य लग्ने टिपली गेली, आणि रोलच्या कॅमेऱ्यात तर एका वेळी एकच रोल बसत असे, याकडे या बाजूने लक्ष वेधले. युक्तिवादाचा हा दुसरा भाग तितकासा टिकत नाही. एका रोलवर ३६ चित्रे येत. रोल खराब निघाला तर विधींचा एक भाग जाई; हळद, वरात आणि पाठवणी वेगळ्या रोलवर सुरक्षित असत. ६४ जीबीच्या एका कार्डावर २४ मेगापिक्सेलची सुमारे दोन हजार रॉ चित्रे मावतात, म्हणजे हळदीपासून पाठवणीपर्यंत संपूर्ण लग्न त्या एका तुकड्यावर असते. जोखीम पूर्वीही होती, ती आता एका जागी गोळा झाली आहे. एक्सक्यूडी कार्ड एसडीपेक्षा मजबूत असते, हा बचावाचा मुद्दा खरा होता. पण ते महाग होते आणि एसडीसारखे कोणत्याही दुकानात मिळणारे नव्हते. ऐन लग्नात तालुक्याच्या गावी ज्याला कार्ड विकत घ्यावे लागेल, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

दोन वर्षांनी चित्र पालटले. कॅननचे आर५ आणि आर६ हे कॅमेरे जुलै २०२० मध्ये दोन खाचांसह आले. निकॉनने त्याच महिन्यात तुलनेने स्वस्त असलेल्या झेड ५ मध्ये दोन एसडी खाचा दिल्या आणि १४ ऑक्टोबर २०२० रोजी जाहीर केलेल्या झेड ६ २ व झेड ७ २ मध्ये मूळ खाचेसोबत एक एसडी खाच वाढवली. सप्टेंबर २०२३ मधील निकॉन झेडएफ या जुन्या धाटणीच्या कॅमेऱ्यात दुसरी खाच मायक्रोएसडीची निघाली, तेव्हा तक्रारीचा सूर पुन्हा उमटला. या वेळी मात्र तो सौम्य होता.

उष्णता आणि चलचित्रण

कॅनन ५डी मार्क २ हा सप्टेंबर २००८ मध्ये जाहीर झालेला कॅमेरा पूर्ण एचडी चलचित्रण करू शकत होता. छायाचित्रकार व्हिन्सेंट लाफोरे यांनी त्यावर केलेल्या ‘रेव्हरी’ या लघुपटामुळे या सोयीची ताकद लोकांच्या लक्षात आली. मात्र या कॅमेऱ्यात चलचित्रणाचे नियंत्रण आरंभी छायाचित्रकाराच्या हाती पुरेसे नव्हते. मागणी वाढल्यावर कॅननने २००९ मध्ये फर्मवेअर बदलून हे नियंत्रण दिले आणि २०१० मध्ये सेकंदाला २४ चौकटींची सोयही दिली. जाहीर झालेला कॅमेरा विक्रीनंतरही सुधारता येतो, ही अपेक्षा येथून रूढ झाली.

या अपेक्षेची मोठी परीक्षा ९ जुलै २०२० रोजी जाहीर झालेल्या कॅनन आर५ च्या वेळी झाली. हा कॅमेरा ८के चलचित्रण करणार हे समजल्यावर निर्माण झालेला उत्साह, तो किती मिनिटांत तापून बंद पडतो हे समजल्यावर ओसरला. कॅननने स्वतःच दिलेल्या माहितीनुसार ८के चलचित्रणाची मर्यादा सुमारे २० मिनिटे होती, आणि ही मोजणी २३ अंश सेल्सियस तापमानातील होती. थंड होण्याची प्रतीक्षा प्रत्यक्ष तापमानावर नव्हे तर कॅमेऱ्यातील घड्याळावर ठरते, असाही आक्षेप काही चाचणीकर्त्यांनी घेतला. कॅननने ऑगस्टच्या अखेरीस फर्मवेअरची सुधारित आवृत्ती दिली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये आतच पंखा असलेला आर५ सी आला आणि जुलै २०२४ मधील आर५ मार्क २ साठी पंखा असलेली जोडमूठ वेगळी उपलब्ध करण्यात आली.

आर५ हा मुळात स्थिरचित्रांचा कॅमेरा आहे आणि त्या कामात त्याला उष्णतेचा त्रास होत नाही, असे त्याच्या समर्थकांचे म्हणणे होते. समशीतोष्ण देशांपुरते हे पटण्यासारखे आहे. परभणीत मे महिन्यात कमाल तापमान ४० अंशांच्या वर राहणे नेहमीचे आहे आणि बहुतेक कंपन्या आपल्या कॅमेऱ्यांची वापरमर्यादा ० ते ४० अंश अशीच छापतात. भर दुपारच्या मुहूर्तावर, पत्र्याच्या किंवा कापडी मांडवात, प्रखर दिव्यांच्या झोतात काम करणारा छायाचित्रकार कॅमेरा हाती घेतानाच या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. २३ अंशांवरचा आकडा त्याच्यासाठी जवळजवळ निरर्थक ठरतो. घोषणेच्या पत्रकात न छापलेली ही बाब येथे कोणत्याही मेगापिक्सेलपेक्षा मोठी आहे.

मेगापिक्सेल आणि अल्बम

संवेदकावर किती बिंदू असावेत, हा सर्वांत जुना वाद आहे. ऑगस्ट २००७ मध्ये कॅननने २१ मेगापिक्सेलचा १डीएस मार्क ३ जाहीर केला आणि तीनच दिवसांनी निकॉनने १२ मेगापिक्सेलचा डी३. आकड्यांत निकॉन मागे होता, पण त्याची मूळ आयएसओ मर्यादा ६४०० पर्यंत होती. कमी उजेडातील चित्रे पाहिल्यावर अनेकांचे मत बदलले. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथील मंदिरांचे गाभारे किंवा नेमगिरीच्या जैन लेण्यांचा अंतर्भाग तिपाईशिवाय टिपू पाहणाऱ्याला अशा आयएसओचा उपयोग लगेच कळतो.

फेब्रुवारी २०१२ मध्ये निकॉन डी८०० हा ३६.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा आला, तेव्हा एवढ्या मोठ्या फाइली ठेवायच्या कोठे, असा सूर होता. आठ वर्षांनी कॅनन आर६ हा २० मेगापिक्सेलचा कॅमेरा आला, तेव्हा इतके कमी मेगापिक्सेल का, असा सूर निघाला. लग्नाच्या कामापुरता हा प्रश्न गणिताने सुटतो. भारतात प्रचलित असलेल्या करिझ्मा अल्बमचे उघडलेले दुहेरी पान बहुधा १२ × ३६ इंचांचे असते, म्हणजे एक पान १२ × १८ इंचांचे. प्रति इंच ३०० बिंदूंनी छापायचे झाल्यास या पानाला ३६०० × ५४०० बिंदू लागतात. आर६ चे चित्र ३६४८ × ५४७२ बिंदूंचे आहे. अल्बमचे संपूर्ण पान त्यातून पुरेपूर निघते. चित्र कापून छोटा भाग मोठा करायचा असेल तेव्हाच अधिक बिंदूंची गरज भासते.

भिंगे

भिंग कॅमेऱ्यापेक्षा अधिक काळ टिकते, त्यामुळे माउंट बदलल्याची घोषणा छायाचित्रकाराला अधिक बोचते. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा होता. २०१८ मध्ये झेड माउंट आला तेव्हा जुनी भिंगे जोडण्यासाठी एफटीझेड हा अडॅप्टर देण्यात आला, पण त्यात स्क्रू फिरवणारी मोटर नव्हती. परिणामी एएफ-डी प्रकारच्या भिंगांवर स्वयंचलित फोकस बंद झाला. ५० मिमी एफ/१.८डी सारखे स्वस्त भिंग बाळगणाऱ्यांची नाराजी रास्त होती. कॅननच्या आरएफ माउंटबाबत तक्रार वेगळी होती: इतर कंपन्यांची स्वयंचलित फोकसची भिंगे त्यासाठी मिळेनात. एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांनी परवान्यासह आरएफ भिंगे जाहीर केली, तीही लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यांसाठी.

पक्षिचित्रणाच्या भिंगांमध्ये पहिली प्रतिक्रिया सपशेल चुकल्याचे एक उदाहरण आहे. कॅननने जुलै २०२० मध्ये ६०० मिमी आणि ८०० मिमीची दोन भिंगे कायम एफ/११ इतक्या लहान छिद्रासह जाहीर केली. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/११ मधून एक चतुर्थांश प्रकाश येतो, म्हणून त्यांची थट्टा झाली. आरशाच्या कॅमेऱ्यांत एवढ्या लहान छिद्राला स्वयंचलित फोकस चालत नसे, आणि थट्टा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तेच कॅमेरे होते. मिररलेस कॅमेऱ्यांत, चौकटीच्या मधल्या भागापुरता का होईना, तो चालला. ८०० मिमीचे हे भिंग सव्वा किलोच्या आसपास आहे, तर त्याच नाभीय अंतराचे जुने एफ/५.६ भिंग साडेचार किलोचे आणि किमतीने कित्येक पट. येलदरी जलाशयाच्या काठाने दिवसभर पायी हिंडायचे असेल तर हा फरक खांद्याला कळतो. स्वच्छ उन्हात एफ/११ पुरते. पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे पक्षी जेव्हा अधिक हालचाल करतात तेव्हा, ते कमी पडते. निकॉनचे २०१५ मधील २००–५०० मिमी एफ/५.६ हे भिंग वजनाने दोन किलोंहून अधिक असूनही हौशी पक्षिचित्रकारांच्या पसंतीस उतरले, त्याचे कारण हेच.

खरेदी

भारतात प्रतिक्रियेचा मोठा भाग किमतीविषयी असतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा डिजिटल कॅमेरे २८ टक्क्यांच्या गटात होते. १ जानेवारी २०१९ पासून हा दर १८ टक्के झाला. लग्नसराईच्या उत्पन्नावर चालणाऱ्या छायाचित्रकाराला नव्या कॅमेऱ्याची बातमी पुष्कळदा वेगळ्याच कारणाने महत्त्वाची वाटते: ती आली की मागच्या मॉडेलची किंमत उतरते आणि वापरलेले कॅमेरे बाजारात येतात.

नवे मॉडेल पहिल्याच वर्षी घेऊ नये, हा या व्यवसायातील संकेत निकॉन डी६०० ने पक्का केला. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या या कॅमेऱ्याच्या संवेदकावर धूळ आणि तेलाचे ठिपके पडत असल्याच्या तक्रारी झाल्या. निकॉनने फेब्रुवारी २०१३ मध्ये याबाबत सूचनापत्रक काढले, ऑक्टोबरमध्ये सुधारित डी६१० जाहीर केला आणि २०१४ मध्ये हमीची मुदत संपलेल्या डी६०० चेही शटर विनामूल्य बदलून देण्याचे मान्य केले. त्यामुळे वापरलेला डी६०० घेताना शटर किती वेळा उघडले याबरोबरच ते बदलून घेतले होते का, हेही विचारून घ्यावे लागते.